पेरायचं कधी, पाणी अडवायचं कुठं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी प्रश्न इतके आलेत की सगळे घेता येणार नाहीत. बरेचसे मराठवाड्यातले, काही लागून असलेल्या विदर्भातले, आणि घुमूनफिरून मुद्दा एकच की पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही तर घरानं काय करायचं. नावं छापत नाही, तालुका नाहीतर जिल्हा तेवढा ठेवलाय. आणि आधीच सांगून टाकतो, अमुक पीक लावा आणि निर्धास्त व्हा असलं उत्तर इथं मिळणार नाही, तसं सांगणारा माणूस बहुतेक वेळा रोपं विकायला आलेला असतो.

प्रश्न : औसा तालुका. साडेसात एकर, सगळं सोयाबीन. वडिलांचं म्हणणं मृग लागला की पेरायचंच, मागं राहिलं की उतारा घटतो. मी म्हणतो थांबू. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस झाला तेव्हा तर घरात रोज भांडण. दुबार पेरणी आता परवडत नाही. नेमकं पेरायचं कधी?

वडील चुकीचं सांगत नाहीयेत, त्यांच्या काळात ते गणित बसत होतं, एवढंच. पण २०२५ चंच बघ ना, २६ मेला मान्सून मुंबईत पोचला, सगळीकडं ट्रॅक्टर बाहेर निघाले, आणि मग २९ मे ते १६ जून मान्सून पुढं सरकलाच नाही. मे मधल्या ओलीवर ज्यांनी बी टाकलं त्यांची काय गत झाली असेल ते तुला सांगायला नको. त्याच्या आधी २०२३ चा ऑगस्ट, देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. म्हणजे पाऊस लवकर येतो, मधेच पळतो आणि काढणीला परत येऊन उभा राहतो. अशात तारीख बघून पेरणं सोडायचं आणि ओल बघून पेरायचं.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. लोक म्हणतात आमच्याकडं किती झाला ते कसं कळणार, महसूल मंडळाचं पर्जन्यमापक आठ-दहा किलोमीटरवर. तर सरळ उभ्या भिंतीचा एक रिकामा डबा घे, वर-खाली सारख्याच रुंदीचा पाहिजे, निमुळता नको. झाडापासून आणि घरापासून लांब मोकळ्यावर ठेव, वाऱ्यानं पडू नये म्हणून दोन दगड लाव, आणि रोज सकाळी आठ-साडेआठला शाळेची पट्टी घालून पाणी मोज. पट्टीवर जितके मिलिमीटर तितका पाऊस, दुसरा हिशोब नाही. वहीत लिही, डबा रिकामा कर. पाऊस थांबला की टिकावानं वीतभर खणून माती मुठीत दाब, गोळा झाला आणि खालपर्यंत ओल सलग असली तर पेर. वर ओलं आणि खाली कोरडं निघालं तर थांब, मग शेजाऱ्यानं पेरलं असलं तरी थांब. हे शेजाऱ्याचं प्रकरण लय वाईट आहे, निम्म्या दुबार पेरण्या त्याच्यामुळं होतात असं माझं मत आहे.

उशीर किती चालतो? सोयाबीन साधारण १५ जुलैपर्यंत. त्याच्या पुढं गेलं तर सोयाबीनचा हट्ट सोडून तूर, सूर्यफूल, बाजरी, एरंडी असं बघायचं.

आता बियाणं. घरचं सोयाबीन बी म्हणून चालतं, ते सरळ वाण असतं, दरवर्षी बॅग विकत घ्यायची गरज नाही. पण सोयाबीनची साल पातळ, पोती आपटली, थप्पी उंच मारली की उगवण मेली. २०२० च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला होता, तेव्हा विकतच्या बॅगांवर भरवसा ठेवणारेच जास्त अडकले. म्हणून घरचं असो की दुकानचं, मे महिन्यात तपास. चाळ मारून न निवडता १०० दाणे मोज, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांड, दुसरं ओलं गोणपाट वर टाकून गुंडाळी कर, सावलीत ठेव, रोज पाणी शिंपड. सहा-सात दिवसांनी उघडून नीट कोंब आलेले मोज. ७० किंवा वर निघाले तर नेहमीचं एकरी ३० किलो. ७० च्या खाली एकेक टक्का कमी होईल तसं एकरी अर्धा किलो वाढव, म्हणजे ६० निघाले तर ३५ किलो. ६० च्या खाली गेलं तर ते बी तेलाच्या मिलला घाल, रानात नको.

तिसरी गोष्ट बीबीएफ, म्हणजे रुंद सरी वरंबा. याचं कौतुक सगळे करतात पण कशासाठी ते नीट सांगत नाहीत. पिकाच्या चार ओळी रुंद वरंब्यावर आणि दोन्ही बाजूला सरी. पावसानं ओढ दिली की सरीत जिरलेलं पाणी मुळाला मिळतं, आणि एका रात्रीत ढगफुटीसारखा पडला की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. बियाणंही एकरी ३० ऐवजी २२ किलोच्या आसपास पुरतं. पण ट्रॅक्टरवाला सोयीसाठी उताराच्या दिशेनं सऱ्या पाडतो, तसं करू देऊ नको, उताराला आडव्या पाहिजेत, आणि खालच्या बांधाला पाणी बाहेर पडायला एक जागा ठेव. नाहीतर काळ्या रानात सऱ्या तुंबतात आणि लोक म्हणतात बीबीएफ फेल.

आणि साडेसात एकर एकाच दिवशी एकाच वाणानं नको. अर्ध्यावर ९५ दिवसांच्या आसपास येणारं एमएयूएस-१५८ सारखं, अर्ध्यावर शंभर-एकशेपाच दिवसांचं फुले संगम सारखं, म्हणजे ऑगस्टच्या उघडीपीत दोन्ही एकदम शेंगा भरण्यात सापडत नाहीत आणि काढणीच्या पावसातही दोन्ही एकदम भिजत नाहीत. त्यात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर टाक. बीडीएन-७११ बदनापूरचं वाण आहे, लवकर येतं, तुरीचं मूळ खोल जातं, सोयाबीननं माना टाकल्या तरी ती उभी असते. वडिलांना सगळ्या रानात पटवायच्या भानगडीत पडू नको, दोन एकर माग यंदा. डब्यातलं पाणी मात्र त्यांनाच मोजायला सांग, बघ कशी गंमत येते.

प्रश्न : जालना जिल्हा. मुलगा म्हणतो शेततळं घेऊ, प्लास्टिकचं अस्तर टाकू, बोअरनं भरून ठेवू आणि मोसंबी लावू. बोअर पाचशे फुटांच्या पुढं गेलेलं आहे. कर्ज काढावं का?

काका, २०१२ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा कशा जळाल्या ते तुमच्या डोळ्यांसमोर असेल. फळबागेला दरवर्षी पाणी लागतं, बागेला सुट्टी देता येत नाही, खरिपाचं पीक गेलं तर एक हंगाम जातो पण बाग गेली तर सात-आठ वर्षं जातात. म्हणून मोसंबीचा निर्णय शेवटी, पाण्याचा आधी.

शेततळ्याचं बोलू. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असं तळं, कडा तिरक्या धरल्या तर त्यात २२ लाख लिटर बसतं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकार त्याला अतिवृष्टी म्हणतं, तेवढ्या एका पावसात एकरावर अडीच लाख लिटरच्या वर पाणी पडतं, आणि त्यातलं बरंचसं तुमची माती घेऊन ओढ्याला जातं. तळं त्या पाण्यासाठी आहे. खरिपात उघडीप पडली, पीक फुलात किंवा शेंगा भरण्यात आहे, तेव्हा तुषारनं ५० मिलिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायचं, एकराला दोन लाख लिटर. गळती, बाष्प वगैरे धरून सात-आठ एकरांचं एक पाणी त्या तळ्यात निघतं. एका पाण्यानं पीक हातात येतं की जातं हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता बोअरनं भरून ठेवायचं म्हटलं तर काय होतं? पाचशे फुटांखाली, सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात उघडं मांडायचं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये उघड्या पाण्यावरून रोज साधारण १० मिलिमीटर उडतं, तळं काठोकाठ असलं तर दिवसाला नऊ हजार लिटर. म्हणजे जवळपास दोन टँकर रोज आभाळाला. शिवाय तुम्ही उपसलं की शेजारी उपसणार, तो सहाशे फूट जाणार, मग तुम्ही सातशे. यात कोणी जिंकत नाही, बोअरची गाडी सोडून.

तुमच्या जिल्ह्यातच कडवंची गाव आहे, मुलाला घेऊन एकदा जाऊन या. तिथली द्राक्षं आणि शेततळी सगळ्यांना दिसतात, पण त्याच्या आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आणि नाल्यांची कामं झाली, पाणलोट आधी आणि तळी नंतर, हा क्रम कोणी विचारत नाही. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं, किती पडलं, किती जिरलं, त्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही असं गावानं ठरवलं आणि पाळलं. पाळलं हे महत्त्वाचं, ठराव तर सगळीच गावं करतात.

तर कर्जाचं उत्तर : पावसाचं वाहतं पाणी जिथं आपोआप गोळा होतं अशा खालच्या अंगाला तळं घेणार असाल तर अनुदानातून घ्या, काळी माती असली आणि पाणी खरिपातच वापरायचं असलं तर अस्तराशिवायही पुष्कळदा भागतं. ठिबक-तुषारला लहान शेतकऱ्याला राज्याचं पूरक धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, ते आधी करा. बोअरनं भरायचं तळं आणि त्याच्या भरवशावर बाग, यासाठी कर्ज काढू नका. मुलगा नाराज होईल, होऊ द्या.

प्रश्न : तुळजापूर तालुका. मी आणि मालक दोघं शेतात राबतो, पण काय पेरायचं ते मला कोणी विचारत नाही. सगळ्यात सोयाबीन. डाळ, भाजी, ज्वारी सगळं विकत. मला घरापुरतं काहीतरी लावायचंय, मालक म्हणतात त्यात पैसा नाही.

ताई, तुमच्याच जिल्ह्यात याचं उत्तर होऊन गेलंय. स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था मराठवाड्यात बायकांसोबत काम करते, त्यांचा एक एकराचा प्रकार माहितीचा आहे, घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर बाईनं स्वतःकडं घ्यायचा, त्यात खायची पिकं मिसळून लावायची, खत घरचं, पाणी कमी. २०१६ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बायकांनी घर सोडून काही केलं नाही, फक्त एका तुकड्यावर निर्णय स्वतः घेतला.

मालकांशी वाद घालायचा तर आकड्यांनी घाला. दोन महिने बाजाराची चिठ्ठी जपून ठेवा, डाळ किती, तेल किती, भाजी, ज्वारी, जनावराचा कडबा. बेरीज त्यांच्यापुढं ठेवा आणि विचारा, हा पैसा सोयाबीनच्या किती क्विंटलचा झाला? मग पूर्ण रान मागू नका, घराजवळचा किंवा विहिरीजवळचा अर्धा एकर मागा, बाई येता-जाता बघू शकते असा. खरिपात तूर, मूग, उडीद, बाजरीच्या दोन ओळी, बांधाला अंबाडी, कडेनं भेंडी-गवार-दोडका. रब्बीत शाळूची ज्वारी, तिच्यात करडईचे पाटे, ज्वारी आली की भाकरी पण आणि कडबा पण. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत निघतात, पाऊस उशिरा बिघडला तरी तोवर ते डब्यात असतात. सगळ्यांत एकदम काही जात नाही, हीच त्याची कमाई.

दोन शेळ्या असतील तर उस्मानाबादीच ठेवा, उन्हाला आणि कमी चाऱ्याला ती टिकते, आणि अडीनडीला बँकेच्या आधी ती उपयोगी पडते.

अजून एक. सातबारावर तुमचं नाव नसेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, त्याला फी नाही. तलाठ्याकडं विचारा. नाव नसलं की अनुदान, विमा, नुकसानभरपाई, सगळीकडं तुम्ही शेतकरी नसता, दिवसभर राबूनसुद्धा. मालक याला लगेच तयार होतील असं नाही, पण विषय काढून ठेवायला काय जातंय.

प्रश्न : परांडा तालुका. सप्टेंबर २०२५ च्या पुरात दोन एकरांची माती वाहून गेली, खाली मुरूम दिसतो. आता हे रान सोडूनच द्यायचं का?

सोडू नका, पण एका वर्षात पहिल्यासारखं करायच्या नादात खिसाही फाडून घेऊ नका. त्या पुरानंतर राज्य सरकारनं जे पॅकेज जाहीर केलं त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं असं होतं. पंचनाम्यात तुमचं क्षेत्र पीक नुकसान म्हणून लिहिलंय की खरडलेली जमीन म्हणून, ते आधी तलाठ्याकडं तपासा, दोन्हींत खूप फरक आहे. फोटो असतील तर जपून ठेवा.

काम करायचं ते या क्रमानं. पहिल्यांदा पाणी कुठून घुसलं ती जागा बघा, ती तशीच ठेवून वर माती टाकली तर पुढच्या पुरात तीही जाईल. वरच्या बाजूला दगडी बांध, घळी पडल्या असतील तिथं ताली. मग गाळ. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत जवळच्या तलावातला गाळ मिळतो, एकदम फूटभर थर देऊ नका, पातळ थर देऊन खालच्या मातीत मिसळा. पहिल्या पावसाला ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत पेरून फुलात यायच्या वेळेला गाडा, पहिलं वर्ष त्याच्यासाठीच द्या. दुसऱ्या वर्षी तूर, हुलगा असली काटक पिकं घ्या. सोयाबीन लगेच टाकून उतारा मोजत बसू नका, मनाला त्रास होतो नुसता.

आणि एक कडू विचारतो, राग मानू नका. ओढ्याची जुनी वाट कुठून होती? बऱ्याच शिवारांत ओढे नांगरून नांगरून सरीएवढे केलेत, दोन काकऱ्या जास्त मिळाव्यात म्हणून. पुराला त्याचा जुना रस्ता पाठ असतो. गावात बसून ओढा मोकळा करता आला तर तुमच्या दोन एकरांबरोबर शेजारचे वीस वाचतील, एकट्यानं करायचं काम नाही ते.

प्रश्न : हिंगोली जिल्हा. बीएस्सी ॲग्री झालोय, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिली. घरी चार एकर. पुण्याला जाऊ की इथंच काही करू? सगळे म्हणतात शेती करणाऱ्याला मुलगी पण मिळत नाही.

मुलीचं आमच्या हातात नाही भावा, बाकीचं बोलू.

चार एकरांवर तुझं आणि आईवडिलांचं दोन्ही भागणार नाही, हे खरं आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण बदललेल्या पावसानं गावात एक नवीन गरज तयार केलीय. पेरणीला आता महिनाभर मिळत नाही, वाफसा आला की आठ-दहा दिवसांत सगळ्यांना पेरायचं असतं. काढणीला तर चारच दिवस उघडीप. वेळेवर अवजार आणि वेळेवर सल्ला हे विकत घ्यायला लोक तयार आहेत, फक्त विकणारा गावात नाही. बीबीएफ यंत्र, बियाणं निवडायचं स्पायरल सेपरेटर, मळणी यंत्र, फवारणी, बीजप्रक्रिया करून देणं, उगवण तपासून देणं. नुसतं बीबीएफ घेतलंस तर वर्षात पंधरा दिवस चालेल आणि बाकी वेळ गोठ्यात गंजेल, म्हणून खरीप-रब्बी-काढणी तिन्हीला काम मिळेल असा संच जुळव, आणि पाच-सहा पोरं मिळून किंवा गावच्या शेतकरी कंपनीमार्फत अवजार बँकेचा (भाड्यानं अवजारं द्यायचं केंद्र) अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर टाका. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात तुमचं गाव आहे का ते कृषी सहाय्यकाला विचार, हवामानाशी जुळवून घेण्यासाठीच तो प्रकल्प २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं चालू आहे, आणि त्यात गटांना अवजारांसाठी मदत मिळते.

तुझी डिग्री आहे तर कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजनेचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण घे, हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत चालतं, फी नाही, राहणं-खाणं त्यांच्याकडं, नंतर कर्जाला नाबार्डमार्फत अनुदान. ड्रोनचं मात्र थांबून बघ. फवारणी झकास होते, व्हिडिओ पण झकास येतो, पण एक बॅटरी गेली, एक पंखा तुटला की दुरुस्तीला शहर गाठावं लागतं, आणि चार गावांत आधीच दोन ड्रोन असतील तर तिसऱ्याला हप्ता फेडायचा कुठून?

सल्ल्याचं काम तर उद्यापासून चालू होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खातं आणि कृषी विद्यापीठ मिळून कृषी हवामान पत्रक काढतात, मेघदूत ॲपवर मराठीत येतं. कोणी वाचत नाही कारण भाषा सरकारी. तू ते वाचून चार ओळींत गावच्या ग्रुपवर टाक, आज फवारू नका, परवा वारा आहे, काढलेलं झाकून ठेवा, असं. पैसे मागू नको एवढ्यात. वर्षभर तुझे अंदाज कामी आले की बियाणं तपासायला, यंत्र सांगायला लोक तुझ्याकडंच येतील, आणि पुण्याला कधीही जाता येतं, एसटी रोज आहे.

प्रश्न : यवतमाळ जिल्हा. कापूस गेला, बँक आणि सावकार दोन्हींचं देणं. बाबा रात्र-रात्र जागे असतात, कोणाशी बोलत नाहीत. मी बारावीला आहे. काय करू?

बेटा, हे तू एकटीनं उचलायचं नाही. आज घरातल्या किंवा नात्यातल्या एका मोठ्या माणसाला सांग, मामा, काकू, शाळेतले सर, जे समजून घेतील ते. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं, बाबा बोलले नाहीत तरी तू बोल, ते तुला पुढं काय करायचं ते सांगतील. घरात कीटकनाशकाचे डबे असतील तर मोठ्या माणसाच्या मदतीनं ते आजच घराबाहेर, कुलपात. बाबांना थेट विचारायला घाबरू नको की तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट येतं का, विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्या.

देण्याचं नंतर, पण तेही सुटतं. सगळं देणं एका कागदावर लिहा, कोणाचं किती. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करायचे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सावकार परवान्याशिवाय व्याजानं पैसे देत असेल, जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. ही कामं मोठ्यांना करू दे, तू अभ्यास कर आणि बाबांबरोबर जेव.

प्रश्न : बीड जिल्हा. मी दहावीत आहे. शेतात आई, आजी असतात तेव्हा विजेची फार भीती वाटते. काही करता येतं का?

येतं. आयआयटीएम पुणेनं केलेलं दामिनी ॲप फोनमध्ये घे, आजूबाजूला २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर दाखवतं. ते बघायचं काम तुझं, आईला फोन करायचं कामही तुझं. ढगाचा आवाज ऐकू आला म्हणजे वीज पोचण्याइतकी जवळ आहे, मग एवढी ओळ संपवून येते म्हणायचं नाही. झाडाखाली तर अजिबात नाही, पुष्कळ माणसं तिथंच दगावतात. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. दोन्ही नसेल तर सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांपासून लांब. पत्र्याचं उघडं शेड, तारेचं कुंपण, विजेचा खांब, विहिरीची मोटर यांपासून दूर. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर करंट बसत नाही, श्वास नसेल तर छाती दाबणं लगेच चालू करायचं आणि १०८ ला फोन. शाळेत ते शिकवायला सांग सरांना, सायन्सच्या तासापेक्षा जास्त पोरं लक्ष देतील.

प्रश्न : जिंतूर तालुका. एक रुपयात पीक विमा बंद झाला. आता भरावा का?

२०२५ च्या खरिपापासून खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के असा हप्ता आहे. मोठा बदल वेगळाच झाला, पेरणीच न होणं, मधली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान या चार बाबी राज्यानं काढल्या आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे मंडळातल्या निवडक रानांत कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठेवली. म्हणजे तुमच्या एकट्याच्या रानात पाणी साचलं आणि मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं निघालं तर हातात काही येत नाही. माझं मत, मुख्य पिकाचा भरावा, पण त्याच्यावर घर चालेल असं धरून चालू नये. नियम दरवर्षी हलतात, भरायच्या आधी यंदाचा जीआर म्हणजे शासन निर्णय सेवा केंद्रवाल्याकडून (सीएससी) वाचून घ्या, फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी नसेल तर भरूनही उपयोग नाही. तक्रारीला १४४४७.

प्रश्न : वाशिम जिल्हा. एक कंपनी आलीय, झाडं लावा, नांगरट बंद करा, कार्बन क्रेडिटचे डॉलर मिळतील म्हणते. सही करू का?

कार्बन क्रेडिट म्हणजे झाडांनी आणि मातीनं हवेतला जेवढा कार्बन धरून ठेवला त्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. कंपनी आधी पैसे मागत असेल तर दारातूनच परत पाठवा. मागत नसेल तर करार मराठीत मागा आणि चार गोष्टी बघा : किती वर्षांचा आहे, मधे सोडला तर दंड काय, क्रेडिट विकलं गेल्यावर तुम्हाला किती टक्के आणि कधी, आणि मोजमाप कोण करणार. पंधरा-वीस वर्षं बांधून घेणारे करार असतात, उद्या रान विकायचं किंवा वाटणी करायची झाली तर ते आडवं येईल.

विना-नांगरणी मात्र कंपनीशिवायही करण्यासारखी आहे. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी पद्धत पुढं आणली, कायमचे गादीवाफे, पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची, नांगरट नाही. नांगरटीचं डिझेल वाचतं, मुळं कुजून जमीन भुसभुशीत होते, मोठ्या पावसात माती कमी वाहते. पहिली एक-दोन वर्षं तण डोकं खातं आणि तिथं तणनाशक वापरावं लागतं, हे सांगणारे कमी भेटतात. अर्धा एकर घेऊन बघा. डॉलर आले तर आले.